उशीर, घसरण आणि तूट : घरच्या संगणकावर मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग करताना

एका माइकवर एकच आवाज रेकॉर्ड करायचा असेल, तर घरातला कोणताही बऱ्यापैकी संगणक ते काम विनातक्रार करतो. माइकपासून फाइलपर्यंत पोहोचायला आवाजाला पाव सेकंद लागला तरी ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्याशी ताडून पाहायला दुसरे काही नसते. पहिला ट्रॅक हेडफोनवर ऐकत दुसरा रेकॉर्ड करायचा, त्या दोहोंवर तिसरा चढवायचा, असे काम सुरू झाले की मात्र तोच संगणक एकाएकी आडमुठा वाटू लागतो. आता त्याला आवाज वाजवणे आणि आवाज टिपणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच घड्याळावर आणि एकही क्षण न चुकवता करावी लागतात, आणि घरगुती संगणकाची कार्यप्रणाली मुळात एवढ्या शिस्तीसाठी घडवलेली नसते.

बरीच वर्षे घरी रेकॉर्डिंग करताना आणि मित्रमंडळींच्या संगणकांवरचे बिघाड निस्तरताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगमधल्या बहुतेक तक्रारी आवाजाच्या नसून वेळेच्या असतात, आणि वेळ तीनच प्रकारे चुकते. आवाज उशिरा येतो, पण दर वेळी तेवढाच उशिरा येतो. किंवा सुरुवातीला जुळलेला असतो आणि पुढे पुढे घसरत जातो. किंवा मधूनच तुटतो. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. इतकेच नव्हे, तर एकाचा उपाय दुसऱ्याला अपायकारक ठरतो. हेडफोनमधला उशीर कमी व्हावा म्हणून बफर, म्हणजे संगणक एका वेळी उचलतो तो आवाजाचा गठ्ठा, लहान केला की आवाज तुटू लागतो, तुटू नये म्हणून तो मोठा केला की उशीर वाढतो, आणि ज्याची खरी तक्रार घसरणीची आहे त्याला या दोन्ही खटाटोपांतून काहीच हाती लागत नाही. त्यामुळे सेटिंगला हात लावण्याआधी बिघाड कोणत्या जातीचा आहे हे ठरवणे, हेच निम्म्याहून अधिक काम असते.

त्याही आधी एक गोष्ट तपासावी लागते : दोष फाइलमध्ये उतरला आहे, की तो फक्त ऐकताना येतो? हा प्रश्न साधा आहे, पण तो विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ज्या ट्रॅकमध्ये टिक-टिक किंवा करकर ऐकू येते, तो एकटा लावून तीच जागा पुन्हा पुन्हा ऐकावी. टिक दर वेळी नेमकी त्याच ठिकाणी येत असेल तर ती फाइलमध्ये आहे. ती जागा बदलत असेल किंवा कधी येत कधी येत नसेल, तर रेकॉर्डिंग निर्दोष असून वाजवताना संगणकाची दमछाक होते आहे. फाइलमध्ये असेल, तर वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करत करत एकेक सॅम्पल, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली एकेक मोजणी, वेगळा दिसेपर्यंत जावे. काही सॅम्पल गळाले असतील तर एरवी सलग वाहणारी रेषा एका जागी उभी चिरल्यासारखी दिसते किंवा थोडा वेळ शून्यावर सपाट पडून मग भलत्याच उंचीवरून पुन्हा सुरू होते. इनपुटची पातळी जास्त झाली असेल तर तसे न होता लाटेचे माथेच कापल्यासारखे सपाट दिसतात. ऐकताना हे दोन्ही दोष ‘आवाज फाटतो’ या एकाच शब्दात मोडतात, पण पहिल्याचा संबंध वेळेशी असतो आणि दुसऱ्याचा केवळ इनपुटची पातळी ठरवणाऱ्या गेनच्या खुंटीशी.

उशिरापासून सुरुवात करू, कारण तक्रारींमध्ये त्याचा क्रमांक पहिला आहे. संगणक आवाज एकेका सॅम्पलने हाताळत नाही. तो ठराविक संख्येचा गठ्ठा जमला की तो उचलतो, आणि या गठ्ठ्यालाच बफर म्हणतात. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असेल, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल येत असतील, तर २५६ सॅम्पलचा बफर भरायला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात आणि १०२४ सॅम्पलचा भरायला २१ मिलिसेकंदांहून अधिक. आत येताना एक बफर, बाहेर जाताना एक बफर, शिवाय इंटरफेसमधल्या, म्हणजे माइक आणि वाद्ये संगणकाला जोडणाऱ्या पेटीतल्या, रूपांतरणाचा वेळ आणि यूएसबी ड्रायव्हरने, म्हणजे ती पेटी चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरने, स्वतःच्या सोयीसाठी राखलेली शिल्लक, अशी सगळी बेरीज केली की माइकपासून हेडफोनपर्यंतचा खरा फेरा कळतो. सॉफ्टवेअरमध्ये दाखवलेला बफरचा आकडा म्हणजे हा पूर्ण फेरा नव्हे, तो नेहमीच त्याहून मोठा असतो.

किती उशीर चालतो, याचे उत्तर वाद्यावर अवलंबून असते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. ॲम्प्लिफायरपासून ३ मीटरवर उभा असलेला गिटारवादक ९ मिलिसेकंदांचा उशीर रोज सोसतो आणि त्याची त्याला जाणीवही नसते. म्हणून १० मिलिसेकंदांच्या आतबाहेरचा फेरा बहुतेक वाद्यांना चालून जातो. तबल्याच्या थापेसारखा टोकदार आघात असेल तर वादकाला तेवढाही उशीर बोचू शकतो, तर संथ सुरावटीला त्याहून अधिक खपून जातो. सर्वांत चोखंदळ गिऱ्हाईक म्हणजे गायक. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून तत्काळ ऐकू येत असतो आणि तोच आवाज हेडफोनमधून थोडा उशिरा येतो. दोन्ही एकत्र झाले की काही कंप्रता एकमेकींना खोडतात. दोन्ही आवाज सारख्याच जोराचे धरले आणि उशीर ५ मिलिसेकंदांचा मानला, तर १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ओळीने ठिकठिकाणी खळगे पडतात. गायकाला उशीर म्हणून काही कळत नाही, पण ‘आज आवाज पोकळ लागतो आहे’ असे तो म्हणतो आणि आपण बिचाऱ्या माइकची जागा बदलत बसतो.

यावरचा सर्वांत चांगला उपाय बहुतेक इंटरफेसवरच दिलेला असतो, तो म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग. यात माइकचा आवाज संगणकात जाऊन परत येण्याची वाट न पाहता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनकडे वळवला जातो. ते चालू केले, की सॉफ्टवेअरमधले इनपुट मॉनिटरिंग बंद करायलाच हवे; नाहीतर तोच आवाज एकदा थेट आणि एकदा संगणकाची प्रदक्षिणा करून, असा दुहेरी ऐकू येतो आणि वर सांगितलेले खळगे अधिकच खोल होतात. माझे स्पष्ट मत असे आहे की जो केवळ माइक आणि वाद्ये रेकॉर्ड करतो, त्याने लहान बफरच्या नादी लागूच नये. डायरेक्ट मॉनिटरिंग वापरावे, बफर ५१२ किंवा त्याहून मोठा ठेवावा आणि निश्चिंत असावे. लहान बफरची खरी गरज असते ती कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधले वाद्य वाजवणाऱ्याला किंवा संगणकातल्या ॲम्प्लिफायरमधून गिटार ऐकणाऱ्याला, कारण त्यांचा आवाज संगणकातच तयार होत असल्याने थेट वळवण्यासारखे काही उरतच नाही.

ऐकण्यातला उशीर अशा रीतीने टाळता येतो, पण रेकॉर्ड झालेला ट्रॅक टाइमलाइनवर कुठे ठेवला जातो हा प्रश्न वेगळाच आहे आणि त्याकडे हमखास दुर्लक्ष होते. गायकाने पहिला ट्रॅक ऐकत अगदी तालात गायले, तरी त्याला ऐकू आलेला ट्रॅक थोडा उशिरा बाहेर पडलेला असतो आणि त्याचा आवाज थोडा उशिरा आत शिरतो. ही दोन्ही दिरंगाई वजा करून सॉफ्टवेअरने नवा ट्रॅक टाइमलाइनच्या आरंभाकडे सरकवायचा असतो. हे गणित ते ड्रायव्हरने दिलेल्या आकड्यांवरून करते, आणि ड्रायव्हर प्रत्येक वेळी खरे बोलतोच असे नाही. अडचण संगणकापेक्षा जुनी आहे. टेपच्या यंत्रात रेकॉर्ड करणारे हेड आणि वाजवणारे हेड वेगवेगळे असतात. त्यांत दीड इंचाचे अंतर आणि सेकंदाला १५ इंच टेपचा वेग धरला, तर जुना ट्रॅक ऐकून गायलेला नवा ट्रॅक १०० मिलिसेकंद मागे पडेल. अँपेक्स कंपनीने १९५० च्या दशकात त्यावर ‘सेल-सिंक’ नावाची तोड काढली : ओव्हरडब करताना, म्हणजे जुन्या ट्रॅकवर नवा चढवताना, जुने ट्रॅक वाजवणाऱ्या हेडवरून न ऐकता रेकॉर्ड करणाऱ्या हेडवरूनच ऐकायचे, म्हणजे अंतरच उरत नाही. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे १९५७ मध्ये आलेले आठ ट्रॅकचे यंत्र याच युक्तीचे होते. आपल्याकडे तसे हेड नाही, म्हणून आपण तेच काम वजाबाकीने करतो.

ही वजाबाकी बरोबर होते का, हे तपासण्यासाठी लूपबॅक चाचणीइतके खात्रीचे साधन दुसरे नाही, आणि एका साध्या केबलपलीकडे तिला काही लागत नाही. नव्या प्रोजेक्टमध्ये एका ट्रॅकवर मेट्रोनोमची क्लिक किंवा तशीच टोकदार ध्वनीची फाइल ठेवावी. इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच एका लाइन इनपुटमध्ये खोचावी. त्या इनपुटसाठी दुसरा ट्रॅक घ्यावा, मात्र त्यावरचे सॉफ्टवेअर मॉनिटरिंग आणि इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरिंग दोन्ही बंद असल्याची खात्री करावी, कारण नाहीतर आउटपुट इनपुटला आणि इनपुट आउटपुटला पोसत राहून कर्कश शिटी सुरू होते. स्पीकर त्या वेळी बंदच असलेले बरे. आता रेकॉर्ड करावे. नव्या ट्रॅकवर उमटलेली क्लिक मूळ क्लिकच्या नेमकी खाली आली, तर भरपाई अचूक आहे. नसेल तर दोन्ही टोके मोठी करून अंतर सॅम्पलमध्ये मोजावे. समजा नवी क्लिक ३१२ सॅम्पल उशिरा आहे आणि सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ आहे, तर ती चूक ६.५ मिलिसेकंदांची झाली. हाच आकडा सॉफ्टवेअरमधल्या रेकॉर्डिंगच्या भरपाईच्या खान्यात भरायचा असतो. हे सेटिंग बहुतेक गंभीर सॉफ्टवेअरमध्ये असते. रीपरमध्ये ड्रायव्हरने कळवलेल्या विलंबावर स्वतःची वेगळी दुरुस्ती देता येते, तर ऑडॅसिटीमध्ये अनेक वर्षे ही भरपाई मुळातच उणे १३० मिलिसेकंद धरलेली आहे. तो एक सर्वसाधारण अंदाज आहे. आपल्या यंत्राशी तो जुळलाच, तर तो योगायोग समजावा.

चाचणी एकदा करून थांबू नये. बफर बदलून, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडून, इंटरफेसची केबल काढून परत लावून तीच चाचणी करावी. बफर बदलल्यावर आकडा बदलला तर ते समजण्यासारखे आहे, त्या बफरसाठी नवी भरपाई भरता येते. काहीही न बदलता प्रत्येक वेळी आकडा वेगळा येऊ लागला, तर भरपाईच्या खान्यात काहीही भरून उपयोग नाही. ड्रायव्हरच बदलावा लागतो.

ड्रायव्हरचा विषय विंडोजवर अधिक क्लिष्ट आहे, कारण तिथे आवाजाला इंटरफेसपर्यंत जायला अनेक रस्ते आहेत. एमएमई आणि डायरेक्टसाउंड हे जुने रस्ते, व्हिस्टापासून आलेला वासापी हा त्यानंतरचा, आणि स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये खास संगीताच्या कामासाठी आणलेला एएसआयओ हा चौथा. एएसआयओ विंडोजच्या सामायिक मिक्सरला वगळून थेट यंत्राशी बोलतो, म्हणून त्याचा उशीर कमी असतो आणि सगळी चॅनेल एकत्र मिळतात. आठ इनपुटांचा इंटरफेस आणूनही सॉफ्टवेअरमध्ये दोनच इनपुट दिसतात, ही तक्रार बहुधा इंटरफेसच्या दोषाची नसते. सॉफ्टवेअर जुन्या रस्त्यावर असते आणि तिथे तेच यंत्र डाव्या-उजव्या अशा जोड्यांमध्ये विभागून दाखवले जाते. इंटरफेससोबत त्याच्या निर्मात्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर मिळत असेल तर तोच बसवावा. एएसआयओफॉरऑल हे विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेले वेष्टन आहे. ज्याला स्वतःचा ड्रायव्हर नाही अशा यंत्रासाठी ते ठीक आहे, पण चांगल्या ड्रायव्हरच्या जागी ते बसवण्यात काही अर्थ नाही. मॅकवर कोअर ऑडिओ हा एकच राजमार्ग असल्याने हा गोंधळ टळतो. लिनक्सवर अल्सा, जॅक आणि आता पाइपवायर या आवाज हाताळणाऱ्या प्रणालींमधला संबंध एकदा समजून घ्यावा लागतो, त्यानंतर त्रास होत नाही.

ब्लूटूथ हेडफोन मात्र कोणत्याही प्रणालीवर या कामासाठी वापरू नयेत. आवाज आवळून, हवेतून पाठवून, पुन्हा उलगडण्यात जो वेळ जातो तो सर्रास १०० मिलिसेकंदांच्या पुढे असतो, शिवाय त्याच हेडफोनचा माइक चालू झाला की ध्वनीचा दर्जा फोनवरील संभाषणाच्या पातळीवर घसरतो.

दुसरी जात घसरणीची. येथे पहिल्या मिनिटात सारे जुळलेले असते, चौथ्या मिनिटाला तबला आणि आवाज एकमेकांपासून सुटू लागतात, आणि ट्रॅक हाताने सरकवून एक जागा जुळवली की दुसरी बिघडते. याचे कारण जवळपास नेहमी एकच असते : दोन घड्याळे. प्रत्येक इंटरफेसमध्ये, यूएसबी माइकमध्ये आणि हातातल्या रेकॉर्डरमध्ये स्वतःचा क्रिस्टल असतो आणि त्यावर सेकंदाचे ४८,००० भाग पाडले जातात. दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्यात दशलक्षात ५० भागांचा फरक धरला, तर मिनिटाला ३ मिलिसेकंद, दहा मिनिटांत ३० मिलिसेकंद आणि तासाभरात १८० मिलिसेकंद इतके अंतर पडते. दोन स्वस्त यूएसबी माइक घेऊन दोन ट्रॅक एकाच वेळी रेकॉर्ड करण्याचा बेत नेमका इथेच फसतो, आणि त्या माइकांचा दर्जा कितीही चांगला असला तरी फसतोच.

खात्री करायची असेल तर रेकॉर्डिंगच्या आरंभी एक टाळी आणि शेवटी एक टाळी दोन्ही माइकांसमोर वाजवावी. आरंभीच्या टाळ्या जुळवून शेवटच्या पाहिल्या की फरक डोळ्यांना दिसतो. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये दोन यंत्रांचे मिळून एक ॲग्रिगेट डिव्हाइस करता येते आणि त्यातल्या दुसऱ्या यंत्रासाठी ड्रिफ्ट करेक्शनची खूण केली की मॅक त्याचे सॅम्पल पहिल्याच्या घड्याळाला जुळवत राहतो. इंटरफेसना डिजिटल जोडणी असेल, तर एकाला घड्याळाचा मालक नेमून दुसऱ्याला त्याच्या मागे चालायला लावणे हा अधिक शुद्ध उपाय आहे. पण तिथेही एक खाचखळगा आहे : ज्याला बाहेरच्या घड्याळाची वाट पाहायला सांगितले आहे त्याची ती केबल काढून घेतली, तर तो मुका होतो किंवा टिक-टिक करू लागतो, आणि आपण तिसऱ्याच कारणाचा शोध घेत बसतो. खरे सांगायचे तर लागतील तितक्या इनपुटांचा एकच इंटरफेस घेणे, याहून स्वस्त उपाय दीर्घकाळात सापडत नाही.

घसरणीसारखाच भासणारा एक सोपा दोष आहे, तो सॅम्पल रेटच्या गफलतीचा. ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड झालेली फाइल रूपांतर न करता ४८ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये वाजली, तर पाच मिनिटांचे गाणे सुमारे ४ मिनिटे ३६ सेकंदांत संपते आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढतो. पट्टीच बदललेली ऐकू येत असल्याने हे निदान क्षणात होते. फक्त वेळ घसरत असेल आणि स्वर जागेवर असेल, तर दोष क्रिस्टलच्या किरकोळ फरकाचा समजावा.

तिसरी जात तुटण्याची, आणि सर्वांत अधिक वेळ तीच खाते. सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूचा वापर २० टक्के दिसत असतो आणि तरीही आवाज करकरतो, हे पाहून माणूस चक्रावतो. परंतु तो आकडा सरासरीचा असतो. हंगामाचा सरासरी पाऊस भरला, तरी पेरणीनंतर त्याने दडी मारली तर पीक जाते, तसेच इथे आहे. १२८ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झवर २.७ मिलिसेकंदांत संपतो. त्या अवधीत संगणकातल्या दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर ४ मिलिसेकंद अडवून धरला, तर पुढचा गठ्ठा वेळेवर पोहोचत नाही, मग उरलेला सगळा सेकंद प्रोसेसर रिकामा का असेना. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचे मोफत साधन कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते नावानिशी दाखवते. यादीत वरचेवर सापडणारी मंडळी म्हणजे वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड आणि लॅपटॉपची बॅटरी सांभाळणारा भाग.

टिक केव्हा येते याकडेही कान असावा. माझ्या एका लॅपटॉपवर रेकॉर्डिंगमध्ये बारीक टिक येत असे. ऐकताना ती अधूनमधून येते असे वाटे. वेव्हफॉर्मवर त्या जागांना खुणा केल्या तेव्हा त्यांच्यातले अंतर जवळजवळ समान निघाले. संगीत, गायक, प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये जोडलेले इफेक्ट किंवा वाद्य) यांपैकी कोणीही इतके नियमित नसते, त्यामुळे संशय पार्श्वभूमीत ठराविक वेळाने चालणाऱ्या कामावर गेला. वाय-फाय बंद केल्याबरोबर टिक थांबली, चालू करताच परत आली. तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या वेळी त्या लॅपटॉपचे वाय-फाय बंद असते आणि बफर कितीही असला तरी तो विषय निघत नाही. टिक नियमित नसून गाण्याच्या दाट जागीच येत असेल, तर दोष प्लगइनच्या ओझ्याचा असतो; लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागल्यावर येत असेल, तर तापमानामुळे प्रोसेसरने वेग उतरवलेला असतो.

वीज वाचवण्याच्या सोयी या कामात शत्रूच समजाव्यात. विंडोजमध्ये पॉवर प्लॅन उच्च कार्यक्षमतेचा ठेवावा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे आणि इंटरफेस हबमधून न जोडता संगणकाच्या स्वतःच्या पोर्टला जोडावा. केबलही एकदा बदलून पाहावी. फोनसोबत आलेल्या काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांतून डेटा जातच नाही, आणि काही ढिल्या केबलमध्ये तो जातो पण हात लागला की तुटतो.

डिस्कवर मात्र विनाकारण खापर फोडले जाते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १,४४,००० बाइट लिहितो, म्हणजे आठ ट्रॅक मिळून सेकंदाला १.१५ मेगाबाइट. जुनी फिरती डिस्कसुद्धा याच्या कैक पट वेगाने लिहू शकते, आणि यूएसबी २ ची वाटही एवढ्या वाहतुकीला प्रशस्त आहे. डिस्क अडते ती दुसऱ्या कारणांनी : प्रोजेक्टचे फोल्डर क्लाउडशी जुळवलेले असते आणि फाइल लिहिली जात असतानाच ती वर चढवण्याची धडपड सुरू होते, किंवा अँटिव्हायरस प्रत्येक नव्या फाइलची झडती घेतो. प्रोजेक्ट साध्या स्थानिक फोल्डरमध्ये ठेवावा आणि क्लाउडवर प्रत काम संपल्यावर पाठवावी. दीर्घ मैफल रेकॉर्ड करणाऱ्याने आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी : साधी वेव्ह फाइल आणि फॅट३२ पद्धतीची डिस्क, दोन्हींना ४ गिगाबाइटांची सीमा आहे, आणि आठही चॅनेल एकाच फाइलमध्ये लिहिली जात असतील तर वरील हिशेबाने ती साधारण ६२ मिनिटांत येते. प्रत्येक चॅनेलची वेगळी फाइल करावी किंवा, डिस्क फॅट३२ नसेल तर, मोठ्या फाइलसाठीचा आरएफ६४ हा वेव्हचा प्रकार निवडावा.

प्लगइनबद्दल थोडक्यात. पुढचा आवाज आधी पाहून काम करणारे लिमिटर आणि लिनिअर-फेज इक्वलायझर स्वतःचा उशीर घेऊन येतात, आणि सॉफ्टवेअर तो जुळवण्यासाठी इतर ट्रॅकही थांबवून धरते. मिक्सच्या वेळी हे चालते. पण मिक्स अर्धवट झाल्यावर कोणाला एक ओळ पुन्हा गायची हुक्की आली, की हेडफोनमधला उशीर अचानक असह्य होतो. अशा वेळी मास्टरवरची ती साखळी बंद करावी आणि जड ट्रॅक फ्रीझ करावेत, म्हणजे प्लगइनसह तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवून ठेवावेत.

आता ज्यांचा वेळेशी संबंध नाही अशा दोन-चार गोष्टी. ट्रॅक रेकॉर्ड होतो पण रिकामा असतो, तेव्हा वेव्हफॉर्म पूर्ण वाढवून पाहावा. तिथे निखळ शून्याची सरळ रेषा असेल, तर आवाज सॉफ्टवेअरपर्यंत आलाच नाही : चुकीचे इनपुट निवडले आहे, किंवा विंडोज अथवा मॅकच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये त्या सॉफ्टवेअरला माइकची परवानगीच दिलेली नाही. रेषेत बारीक खरखर दिसत असेल, तर इनपुट जिवंत आहे आणि अडचण माइकच्या बाजूला आहे. कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद असणे ही त्यातली नेहमीची. गिटार साध्या लाइन इनपुटला लावली तर ती मंद आणि दबलेली वाजते, तिला हाय-झेड खुणेचे इनपुट लागते.

एक विचित्र लक्षण असे असते की तंबोऱ्याचा किंवा ऑर्गनचा लांब सूर सुरुवातीला नीट येतो आणि काही सेकंदांत विरून जातो. हा चोर संगणकाच्या साउंड सेटिंगमध्ये बसलेला असतो. संभाषणासाठी दिलेली आवाज-सुधारणेची सोय सतत एकसारख्या चालणाऱ्या ध्वनीला पंख्याची घरघर समजून कापते, आणि तंबोऱ्याचा सूर तिच्या लेखी पंखाच असतो. अशा सर्व सुधारणा बंद कराव्यात.

पातळीबाबत एवढेच की २४ बिटवर रेकॉर्ड करताना मीटर शून्याला टेकवण्याची गरज नाही. टोके उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली तरी खाली भरपूर जागा उरते, तर शून्याच्या वर काहीच जागा नसते. ३२ बिट फ्लोट निवडल्याने फाइल फाटत नाही, पण इंटरफेसचा इनपुट आधीच फाटला असेल तर ती फाटकी लाटच इमानेइतबारे जतन होते. सलग गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकावे. ती गेली, तर वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण जमिनीच्या जोडणीतून येते आहे. सर्व यंत्रे एकाच विस्तार-बोर्डावर घ्यावीत, बॅलन्स्ड केबल वापराव्यात, आणि तेवढ्याने भागले नाही तर मध्ये जमिनीची जोडणी तोडू शकणारा डीआय बॉक्स घालावा.

ट्रॅक दुसऱ्या कोणाकडे मिक्ससाठी पाठवताना वेळेचा दोष पुन्हा डोके वर काढतो. गायकाची फाइल तिसऱ्या कडव्यापासून सुरू होत असेल आणि ती तशीच पाठवली, तर समोरचा तिला शून्यावर ठेवतो आणि ट्रॅक जुळत नाहीत म्हणून फोन करतो. प्रत्येक ट्रॅक प्रोजेक्टच्या शून्यापासून शेवटापर्यंत एकसंध करून, एकाच सॅम्पल रेटला आणि २४ बिटमध्ये द्यावा. एमपी३ पाठवू नये, कारण त्या रूपांतरात फाइलच्या आरंभी थोडी शांतता भरली जाते आणि जुळवलेले ट्रॅक पुन्हा सरकतात. सोबत एक कच्चे मिक्स आणि गाण्याची लय लिहिलेली टीप दिली, तर समोरच्याला पहिल्या क्लिकपासूनच सर्व जागेवर असल्याची खात्री करून घेता येते.